कोंब कातडीवर, खटला चारित्र्यावर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीची चर्चा गेल्या काही वर्षांत देशात बरीच झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हावॅक' या लसीला जुलै 2022 मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. 1 फेब्रुवारी 2024 रोजी अंतरिम अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 9 ते 14 वर्षे वयाच्या मुलींच्या लसीकरणाला सरकार प्रोत्साहन देईल, असे संसदेत सांगितले. वर्तमानपत्रांनी रकाने भरले, वाहिन्यांवर तज्ज्ञ मंडळी बसली. ही चर्चा व्हायलाच हवी होती. परंतु ज्या विषाणूमुळे हा कर्करोग होतो, त्याच विषाणूचे भाऊबंद स्त्री-पुरुषांच्या जननेंद्रियांवर चामखिळीसारखे कोंब उगवतात आणि तसे कोंब अंगावर दिसलेला माणूस एका वेगळ्याच नरकातून जातो, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. कर्करोग हा शब्द दिवाणखान्यात उच्चारता येतो. जांघेतला कोंब उच्चारता येत नाही.

आणि जे उच्चारता येत नाही, त्यावर कोणाचा तरी धंदा उभा राहतो. एस.टी. स्टँडची मुतारी, लोकलचा डबा, उड्डाणपुलाचे खांब, वस्तीच्या तोंडाची भिंत, कुठेही पाहा. 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज, पत्ता गुप्त ठेवला जाईल' अशा जाहिराती चिकटवलेल्या दिसतील. ज्या माणसाला सरकारी दवाखान्यात कपडे उतरवून दाखवायची लाज वाटते आणि खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी परवडत नाही, तो माणूस या भिंतीवरचा मोबाईल नंबर खिशात उतरवून घेतो. तो मूर्ख म्हणून नाही, तर व्यवस्थेने त्याच्यासाठी दुसरे दारच उघडे ठेवलेले नाही म्हणून.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा असा आहे की, जननेंद्रियावरील कोंबाचे निदान पहिल्याच भेटीत पक्के होईलच असे नाही. कधी कधी चांगल्यातला चांगला डॉक्टरसुद्धा 'आज नक्की सांगता येत नाही' असेच म्हणेल. ही वैद्यकशास्त्राची प्रामाणिक अवस्था आहे, त्यात रुग्णाचा गुन्हा नाही. परंतु आपल्या समाजात ही अनिश्चितता मोकळी राहत नाही. ती ताबडतोब लाजेने, संशयाने आणि लुटीने भरून काढली जाते. आजार कातडीवर असतो, पण खटला चारित्र्यावर चालतो. म्हणून अनिश्चित निदानाला सामोरे कसे जायचे, हा प्रश्न एकट्या रुग्णाच्या मनोधैर्याचा राहत नाही. तो माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होतो.

प्रथम ही अनिश्चितता येते कुठून, ते समजून घेतले पाहिजे.

मानवी शरीरावर जननेंद्रियाच्या भागात उगवणारी प्रत्येक गोष्ट रोग नसते. कित्येक निरोगी पुरुषांच्या शिश्नमुंडाच्या कडेने मोत्यांच्या बारीक माळेसारखे दाणे असतात. ते शरीराच्या नैसर्गिक रचनेचा भाग असतात. ते संसर्गाने येत नाहीत, कोणाला लागत नाहीत आणि त्यांना औषध लागत नाही. स्त्रियांच्या योनीमुखाच्या आतल्या बाजूलाही असेच मऊ, एकसारखे दाणे असू शकतात. एके काळी डॉक्टरही त्यांना विषाणूचा संसर्ग समजून जाळत असत. कातडीखाली पिवळसर ठिपके दिसतात ते तेलग्रंथींचे असतात. मांडीच्या सांध्यात लोंबणारा कातडीचा लहान तुकडा घर्षणाचा असू शकतो. मध्यभागी खळगा असलेले चमकदार दाणे असतील तर ते मोलस्कम नावाच्या वेगळ्याच विषाणूचे असतात आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जातात.

यानंतर येतात खरे कोंब. ते ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीमुळे होतात. या विषाणूचे 200 हून अधिक प्रकार आहेत. जननेंद्रियावरील सुमारे 90 टक्के कोंब 6 आणि 11 या क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात आणि या दोन प्रकारांपासून कर्करोगाचा धोका अत्यल्प असतो. गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कर्करोग 16 आणि 18 या प्रकारांमुळे होतात. म्हणजे कोंब दिसला की कर्करोग झाला, ही भीती बहुतांशी निराधार आहे. त्याचबरोबर कोंब नाही म्हणून कर्करोगाचा धोका नाही, हा समजही तितकाच चुकीचा आहे.

आता खरी अडचण पाहा. सिफिलिस, म्हणजे जुन्या भाषेतील उपदंश, दुसऱ्या अवस्थेत गेला की जननेंद्रियावर आणि गुदद्वाराभोवती ओलसर, चपटे उंचवटे येतात. नवख्या डोळ्याला ते चामखिळीसारखेच वाटतात. फरक एवढाच की, हे उंचवटे जाळून उपयोग नाही. त्यामागचा सिफिलिस पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, आणि तो ओळखला गेला नाही तर पुढे मेंदू, हृदय आणि गरोदर मातेच्या पोटातील बाळ यांच्यापर्यंत पोहोचतो. ओळखायची चाचणी साधी आहे. थोडेसे रक्त काढून सरकारी प्रयोगशाळेत व्हीडीआरएलसारखी तपासणी करायची. तरीही रक्त न तपासता कोंब जाळून रुग्णाला घरी पाठवले जाते.

शेवटी एक छोटा, पण महत्त्वाचा गट उरतो. काळपट, कडक, खालच्या थराला चिकटलेला, रक्त येणारा, न भरणारा किंवा औषधोपचार करूनही हटत नसलेला कोंब कर्करोगाचा किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेचा असू शकतो. अशा वेळी छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायोप्सी, हाच योग्य मार्ग असतो. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही गावोगाव ऐकू येणारी समजूत आहे. तिने कितीतरी माणसांना वेळेवर तपासणीपासून दूर ठेवले आहे.

एवढ्या शक्यता एकाच जागी, एकसारख्या दिसणाऱ्या दाण्यांत दडलेल्या असताना एखाद्या डॉक्टरने 'थोडे थांबून पाहू, आधी रक्त तपासू' असे म्हटले तर तो अडाणी ठरत नाही. उलट पॅन्ट पूर्ण उतरायच्या आत 'गुप्तरोग आहे, इतके हजार लागतील' असे ठामपणे सांगणारा माणूस संशयास्पद मानला पाहिजे. पण आपल्याकडे ठामपणालाच ज्ञान समजण्याची सवय शतकानुशतके लावली गेली आहे. पोथी हातात घेऊन ठामपणे बोलणाऱ्याने या देशाला किती फसवले, हे या वर्तमानपत्राच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

अनिश्चितता लुटीने कशी भरली जाते, त्याचे टप्पे ठरलेले आहेत. पहिला टप्पा घरगुती. कोणी चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतो, कोणी घोड्याच्या केसाने कोंब बांधतो. हातावरच्या चामखिळीसाठी जे करतात तेच नाजूक जागी केले जाते आणि तिथे भाजून जखम होते. दुसरा टप्पा मेडिकल दुकानाचा. काउंटरवर हळू आवाजात सांगितले की दुकानदार एक ट्यूब काढून देतो. पुष्कळदा तिच्यात स्टेरॉईड असते. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण कातडी पातळ होते आणि मूळ चित्र इतके बिघडते की पुढे तज्ज्ञालाही ओळखणे अवघड जाते. तिसरा टप्पा 'मूळव्याध-भगंदर'च्या पाटीचा. गुदद्वाराजवळचे कोंब म्हणजे मोडच, असे गृहीत धरून दोरा बांधणे, क्षार लावणे सुरू होते. चौथा टप्पा भिंतीवरच्या जाहिरातीचा आणि पाचवा चकचकीत खासगी क्लिनिकमधल्या लेझरच्या पॅकेजचा. या पाच टप्प्यांत महिने जातात, कर्ज होते आणि निदान मात्र पहिल्या दिवशी होते तिथेच राहते.

याविरुद्ध कायदा नाही, असे नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे. लैंगिक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना त्याने बंदी घातलेली आहे. कायद्याला सत्तर वर्षे उलटून गेली, तरी भिंती भरलेल्याच आहेत. मोर्चाचे पोस्टर रात्रीतून फाडणारी यंत्रणा या जाहिरातींना हात लावत नाही, यातच ही फसवणूक कोणाची होते आणि ती कोणाला खुपत नाही, हे स्पष्ट होते.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' सुरू केली. तिथे सल्ला मिळतो, औषधे मोफत मिळतात. ही मोठी सोय आहे आणि तिचा वापर आपल्या लोकांनी बिनदिक्कत केला पाहिजे. या कार्यक्रमात लक्षणांवरून उपचार करण्यासाठी सात रंगांचे औषधसंच तयार केले गेले: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा आणि काळा. स्राव जात असेल तर अमुक रंग, व्रण असेल तर तमुक रंग, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा, जांघेत गाठ असेल तर काळा. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत उपयोगी पडली, यात शंका नाही. परंतु या सात रंगांत कोंबासाठी रंग नाही.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोंब गोळी खाऊन जात नाही. तो उजेडात पाहावा लागतो, हातमोजा घालून चाचपावा लागतो. मग त्यावर डॉक्टरने पोडोफायलिन किंवा आम्ल लावायचे, तो गोठवायचा, विजेने जाळायचा की काहीच न करता वाट पाहायची, हे ठरवावे लागते. थोडक्यात, इथे पाकीट देऊन रांग पुढे सरकवता येत नाही. इथे डॉक्टरला रुग्णाच्या शरीराला स्पर्श करावा लागतो आणि पंधरा मिनिटे द्यावी लागतात. जी व्यवस्था गरिबाला दोन मिनिटे देते, तिच्यात कोंबाचे निदान चुकणार नाही तर काय होईल?

आणि स्पर्शाचा प्रश्न आला की या देशात जातीचा प्रश्न येतोच. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील दलित बालकांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला. तपासताना आणि औषध देताना स्पर्श टाळणे, कमी वेळ देणे अशा वागणुकीची नोंद त्यात आहे. ताप-खोकल्याच्या लेकराला हात लावताना जिथे हात आखडतो, तिथे सफाई कामगाराच्या, ऊसतोडणी मजुराच्या, वेश्याव्यवसायातील बाईच्या किंवा तृतीयपंथीयाच्या गुप्तांगाची तपासणी किती काळजीने होत असेल? लांबूनच पाहिल्यासारखे करणे आणि काहीतरी लिहून देणे, ही अस्पृश्यतेचीच आधुनिक आवृत्ती आहे. निदान अनिश्चित राहते त्यामागे विज्ञानाची मर्यादा असते, तशीच न लावलेल्या हाताचीही मर्यादा असते. या दोन मर्यादा वेगळ्या करून पाहायला आपण शिकले पाहिजे. पहिली समजून घ्यायची आणि दुसरीचा जाब विचारायचा.

लैंगिक आजार आणि चारित्र्य यांची सांगड ब्रिटिश सत्तेनेही घातली होती. 1868 सालच्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. रोगी ठरलेल्या बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबले जाई. ज्या गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी हे सारे चालले होते, त्यांच्यावर मात्र अशी सक्ती नव्हती. विरोध वाढल्यावर 1888 साली तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण आजाराचा दोष बाईच्या माथी मारण्याची वृत्ती गेली नाही. तिला इथल्या मनुवादाचे खतपाणी आधीपासूनच होते.

या वृत्तीविरुद्ध महाराष्ट्रात पहिली उघड लढाई दिली ती र. धों. कर्वे यांनी. 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. 1934 साली त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर मिळाले पाहिजे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. कर्व्यांना दंड झाला, खटला हरला, पण तत्त्व हरले नाही. पुढे 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. शरीराविषयीचे ज्ञान हा चळवळीचा विषय आहे, हे बाबासाहेबांनी इतक्या आधी कृतीने सांगून ठेवले आहे. मग आज आपल्याच सभा-संमेलनांत हा विषय निघाला की माना खाली का जातात?

माना खाली जातात, कारण कोंब दिसला की घरात पहिला प्रश्न 'कोणता आजार आहे' हा नसतो, तर 'कोणाकडून आणलास' किंवा 'कोणाकडून आणलीस' हा असतो. इथे विज्ञान काय सांगते, ते प्रत्येक नवरा-बायकोने ऐकून ठेवण्यासारखे आहे. एचपीव्हीचा संसर्ग झाल्यापासून कोंब दिसेपर्यंत काही आठवडे, काही महिने, प्रसंगी काही वर्षेही जाऊ शकतात. विषाणू अंगात असून आयुष्यभर कोंब न येणारे लोक पुष्कळ आहेत. शरीरसंबंध ठेवणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी या विषाणूचा संसर्ग होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत नाहीसाही होतो. म्हणून आज दिसलेल्या कोंबावरून तो कोणी दिला, कधी दिला, लग्नाआधी की लग्नानंतर, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. कोंब हा व्यभिचाराचा पुरावा नाही. त्याच्या आधारे बायकोला माहेरी पाठवणे किंवा मारहाण करणे हा शुद्ध अन्याय आहे, आणि नवऱ्याचा कोंब बायकोच्या नावावर खपवणे ही तर लबाडी आहे.

तथागतांनी मालुंक्यपुत्ताला सांगितलेला बाणाचा दृष्टांत आपणा सर्वांना माहीत आहे. विषारी बाण लागलेला माणूस बाण काढू देत नाही. मारणारा कोण, त्याची जात कोणती, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे आधी सांगा म्हणतो आणि त्यातच मरून जातो. कोंबाच्या बाबतीत आपण नेमके तेच करत आहोत. बाण कोणी मारला याची पंचायत भरवतो आणि जखम तशीच ठेवतो.

अर्थात जोडीदाराला अंधारात ठेवावे, असा याचा अर्थ नाही. उलट, दोष न देता दोघांनी बोलावे आणि दोघांनी तपासून घ्यावे. निदान स्पष्ट होईपर्यंत आणि कोंब असेपर्यंत संबंध टाळावेत किंवा निरोध वापरावा. मात्र निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण न झाकलेल्या कातडीतूनही हा विषाणू जातो. समलिंगी आणि तृतीयपंथी बांधवांनी गुदद्वाराजवळचे कोंब लपवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले आहेत. डॉक्टरला खरे सांगितल्याबद्दल पोलीस येत नाहीत.

कर्करोगाच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक कडवट आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने मरण पावल्या. आणि या कर्करोगाच्या तपासणीचे जगाला मान्य झालेले एक मोठे संशोधन झाले कुठे? तर आपल्या मराठवाड्यात. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सुमारे 1 लाख 31 हजार ग्रामीण स्त्रियांवर तो अभ्यास झाला आणि 2009 साली प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्याने दाखवून दिले. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांची मात्र तपासणी केली गेली नव्हती, आणि त्यावरून पुढे नैतिकतेचे प्रश्नही विचारले गेले. निष्कर्ष जगभर गेला. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वर्षांच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया जेमतेम 2 निघाल्या. ज्ञान आमच्या आया-बहिणींच्या शरीरातून काढायचे आणि त्याचा लाभ मात्र त्यांना द्यायचा नाही, याला काय म्हणावे?

लसीबद्दलही भान ठेवले पाहिजे. 2009 साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना ही लस प्रकल्पाच्या नावाखाली टोचली गेली. त्यात आदिवासी आश्रमशाळांतील मुली होत्या आणि पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर 2010 साली तो प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, परंतु संमतीच्या नावाखाली जे झाले त्यावर संसदीय स्थायी समितीने 2013 साली कडक ताशेरे ओढले. दोष लसीचा नव्हता, माणसाला माणूस न समजण्याचा होता. ऑस्ट्रेलियाने 2007 पासून मुलींना ही लस दिली. तिथल्या लैंगिक आरोग्य दवाखान्यांत येणाऱ्या 21 वर्षांखालील तरुणींमध्ये कोंबांचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांवरून 2011 पर्यंत एक टक्क्याच्या खाली आले. म्हणून मुलींना लस अवश्य द्यावी, पण आई-बापांना समजावून, विचारून द्यावी. आणि अंगावर असलेला कोंब लसीने जात नाही, हेही सांगावे.

आता ज्याच्या अंगावर कोंब आहे आणि निदान अधांतरी आहे, त्याने नेमके काय करावे? कोंब कधी दिसला, वाढला का, रक्त आले का, हे तारखेनिशी लिहून ठेवावे. त्यावर काहीही लावू नये, ओरबाडू नये, त्या भागात वस्तरा फिरवू नये. रोज आरशात पाहून आणि मोबाईलवरची चित्रे पाहून जीव कासावीस करू नये. त्या चित्रांत बहुधा सर्वांत भयंकर प्रकारच दाखवलेले असतात. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या 'त्वचा व गुप्तरोग' विभागात सरळ जावे. पाटीवरचा शब्द वाचून परत फिरू नये. बाईने स्त्री डॉक्टरची किंवा सोबत स्त्री परिचारिकेची मागणी करावी. गरोदर असल्यास ते आधी सांगावे, कारण पोडोफायलिनसारखी औषधे गरोदरपणात चालत नाहीत.

डॉक्टर 'नक्की नाही' म्हणाले तर घाबरू नये, आणि नुसते मान हलवून परतही येऊ नये. चार प्रश्न विचारावेत: हे काय काय असू शकते? धोक्याचे नाही, असे कशावरून म्हणता? सिफिलिसची चाचणी किंवा बायोप्सी करायची का? आणि पुन्हा कधी यायचे? या चार प्रश्नांची उत्तरे आणि पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी. एचआयव्हीची चाचणी सुचवली तर नाकारू नये. ती संमतीनेच होते आणि तिची गोपनीयता 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बांधलेली आहे. उपचारानंतर कोंब पुन्हा येऊ शकतात. ते औषधाचे अपयश नव्हे आणि पापाचे फळ तर मुळीच नव्हे. तिशी ओलांडलेल्या स्त्रीने मात्र कोंब असो वा नसो, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. 30 ते 65 वयोगटासाठी ती दर पाच वर्षांनी करण्याचे धोरण सरकारने 2016 सालीच जाहीर केलेले आहे. ते कागदावरून खाली उतरवणे आपल्या हातात आहे.

आणि चळवळीचे काय? 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपले कार्यकर्ते रक्तदान आणि आरोग्य तपासणीची शिबिरे भरवतात. रक्तदाब पाहतात, साखर पाहतात, चष्मे वाटतात. त्याच मांडवात एक पडदा लावलेली खोली असावी, तिथे एक स्त्री आणि एक पुरुष त्वचारोगतज्ज्ञ बसावेत, सिफिलिसच्या चाचणीची सोय असावी आणि नाव-गाव न विचारता शंका ऐकून घेतली जावी. आपल्या समाजातून आज कितीतरी मुले-मुली डॉक्टर झाली आहेत. त्यांनी वर्षातले दोन दिवस या खोलीला द्यावेत. महिला मंडळांनी विहारांतील बैठकीत हा विषय एकदा तरी घ्यावा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला निवेदन देताना रस्ता, पाणी, रमाई घरकुल यांच्याबरोबर एक ओळ वाढवावी: आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, ते फलकावर लिहा, आणि भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्याखाली गुन्हे दाखल करा.

'गुप्तरोग' या शब्दातला रोग डॉक्टर बघतील. त्यातले 'गुप्त' घालवण्याचे काम मात्र आपले आहे. ज्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी उघड्यावर ओंजळीत घेतले, त्याने आपल्याच शरीराविषयी चोरून कुजबुजावे, हे शोभणारे नाही.